नवरा-बायको दोघंही नोकरीवर? टॅक्स मात्र ज्याचा त्याच्या पॅनवर

नागपूर : नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बायको प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स. काटोल, रामटेक, उमरेड तालुक्यांत अशी जोडपी आता गावोगावी दिसतात. फेब्रुवारीच्या पगारातून मोठी रक्कम कापली गेली, की घरात प्रश्न निघतो, "आम्ही दोघं कमावतो, मंग दोघांची कमाई जोडून टॅक्स कापते का?"

उत्तर आहे, नाही. पगार देणारं कार्यालय त्या कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज काढतं. त्यावर जो टॅक्स बसेल तो महिन्या-महिन्याला कापून त्याच्या पॅनवर जमा करतं. यालाच टीडीएस म्हणतात. लग्न झालं की नाही, जोडीदार किती कमावतो, याने टीडीएसचा दर बदलत नाही. अमेरिकेत नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येतं, म्हणून तिथल्या पगारकपातीत लग्नाचा विचार होतो. आपल्याकडे दोघांचं रिटर्न वेगळंच असतं.

यात फायदाही आहे. आर्थिक वर्ष 2025-26 चा नव्या पद्धतीचा हिशेब पाहा. दोघांचा पगार प्रत्येकी 9 लाख. 75 हजारांची सरसकट वजावट गेली की उरले 8 लाख 25 हजार. 12 लाखांपर्यंत सूट असल्याने दोघांनाही पगारावर टॅक्स शून्य. तेच 18 लाख एकट्याचा पगार असता, तर उपकरासह 1 लाख 50 हजार 800 रुपये टॅक्स बसला असता.

बायकोच्या नावाने एफडी

हे पाहून काही जण स्वतःच्या पगाराचे पैसे बायकोच्या नावाने एफडीत टाकतात आणि टॅक्स वाचला असं समजतात. तसं होत नाही. नवऱ्याने फुकट दिलेल्या पैशावरचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. बायकोने नवऱ्याला दिले तरी नियम हाच. बायकोचा स्वतःचा पगार किंवा माहेरून मिळालेला पैसा असेल, तर त्यावरचं व्याज मात्र तिचंच.

गोव्यात वेगळी रीत आहे. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे घरभाडं, व्याज असं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरतात. पगार मात्र तिथेही कमावणाऱ्याचाच.

लग्नानंतर नाव बदललं तर

लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो. दुसरं पॅन काढू नका, दोन पॅन ठेवल्यास 10 हजार रुपये दंड होऊ शकतो. जुन्याच पॅनवर नाव दुरुस्त करून घ्या आणि आधारवरही तेच नाव ठेवा. नावं जुळली नाहीत तर पॅन-आधार जोडणी अडकते. पॅन निष्क्रिय झालं की टॅक्स जास्त दराने कापला जाऊ शकतो आणि रिफंडही थांबतो.

जुनी पद्धत निवडली असेल, तर विमा, पीएफ, गृहकर्जाचे कागद कार्यालयात वेळेवर द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी कपात बहुतेक वेळा हे कागद न दिल्यामुळेच होते. जास्त कापलेला टॅक्स परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. आणि तेही दोघांनी आपापलं.