जोत्याआधीची जागा

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात घरकुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ड यादीत नाव आहे का?’ नाव असेल तर दुसरा : ‘नंबर कितवा?’ आणि मग तिसरा, सगळ्यात अवघड : ‘जागा आहे का?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पंचायत समितीच्या संगणकात असतात. तिसऱ्याचं उत्तर ज्याचं त्यानं आणायचं असतं. गोरगरिबाला स्वतःच्या मालकीचं घर मिळवून देणारं सरकारी यंत्र या तीन प्रश्नांवर चालतं. ते कुठं चालतं आणि कुठं अडतं, हे पाहायला नारायणगाव आणि त्याच्या पश्चिमेचा डोंगर पुरेसा आहे.

यंत्र जुनं आहे. १९८५-८६ मध्ये ग्रामीण भूमिहीनांच्या रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग म्हणून इंदिरा आवास योजना सुरू झाली. आरंभी ती अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीतून सुटलेले मजूर यांच्यासाठी होती. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली आणि १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण हिनं घेतली. खर्चात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. महाराष्ट्रात तिच्या जोडीला राज्याच्या योजना आहेत : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी २०२३ पासून मोदी आवास. कातकरी हा आदिम समूह. त्याच्यासाठी केंद्राच्या पीएम-जनमन मोहिमेत घरामागे २ लाख रुपये आहेत. नावं बदलली, रकमा वाढल्या, गावात मात्र सगळ्यांना एकच शब्द : घरकुल.

‘ड’ यादीचाही इतिहास आहे. २०१६ मध्ये लाभार्थी निवडले गेले ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात सर्वेक्षणातून. ज्यांना घरच नाही किंवा ज्यांचं घर कच्च्या भिंती-छपराच्या एक-दोन खोल्यांचं आहे, ती कुटुंबं त्यात आपोआप आली. नंतर ग्रामसभेत यादी वाचली गेली, हरकती आल्या, क्रम लागला. त्या सर्वेक्षणातून सुटलेल्यांसाठी २०१८ मध्ये ‘आवास प्लस’ नोंदणी झाली आणि तिचं प्रपत्र ‘ड’. आधी माणसाला अपात्र ठरवणाऱ्या अटी तेरा होत्या. दारात मोटारसायकल, घरात फ्रीज किंवा टेलिफोन, महिन्याला दहा हजारांवर कमाई, यातलं काही निघालं की नाव बाद. टोमॅटोचे क्रेट वाहणारा मजूर जुनी दुचाकी बाळगतो ती चैन म्हणून नव्हे, पहाटे कामाला वेळेवर पोचायचं म्हणून. हे सरकारच्या ध्यानात यायला २०२४ उजाडलं. तेव्हा दुचाकी, फ्रीज आणि टेलिफोन या अटी गेल्या आणि कमाईची मर्यादा १५ हजारांवर आली.

नाव मंजूर झालं की पुढचा रस्ता ठरलेला. नारायणगावचा लाभार्थी जुन्नरच्या पंचायत समितीत जातो, आंबेगाव तालुक्यातला घोडेगावच्या. लागतं काय? आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि जागेचा कागद, म्हणजे बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येतो, जुन्या घरासमोर लाभार्थ्याला उभं करून मोबाइलवर फोटो घेतो आणि त्या फोटोला अक्षांश-रेखांश चिकटतात. तिथून पुढं प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि प्रत्येक फोटोमागे हप्ता. मंजुरीबरोबर पहिला १५ हजारांचा. मग जोतं झालं की, भिंती लिंटलपर्यंत चढल्या की, छत झालं की. पैसे थेट खात्यात येतात, मध्ये कुणाचा हात नसतो. जुन्या काळातल्या अर्धवट बांधून सोडलेल्या घरकुलांची संख्या घटली त्याचं मोठं श्रेय या व्यवस्थेला द्यावं लागेल.

पण हीच व्यवस्था गरिबाला एका ठिकाणी अडचणीत टाकते. हप्ता कामाच्या मागून येतो आणि कामाला पैसा आधी लागतो. १५ हजारांत पाया खोदून, दगड भरून, जोत्यापर्यंत येणं अवघड. मग सिमेंटच्या दुकानात उधारी होते, वीटवाल्याला थांबायला सांगितलं जातं, गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो. योजनेच्या नियमांत ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे. पण कर्जाला तारण हवं, आणि तारण द्यायला घरकुलवाल्याकडे असतं काय? तेच अर्धवट घर.

आता हिशेब. केंद्र-राज्याचे मिळून १ लाख २० हजार. त्यात भर रोजगार हमीतून स्वतःच्या घरावरच ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ती २८,०८० होते. शौचालयाला १२ हजार. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं ५० हजार वाढवले, ३५ हजार घराला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. बेरीज २ लाख १० हजार ८०. घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. शौचालय आणि सौर पॅनेल बाजूला ठेवलं तर चौरस फुटाला पडतात ६८० रुपये. या भावात ठेकेदार हात लावत नाही. म्हणून घरकुल ठेकेदाराकडून होत नाही, आणि योजनेलाही ते मान्य नाही. घरातल्यांनी स्वतः माती उचलायची, विटा वाहायच्या, भावकीतला गवंडी धरायचा आणि उरलेलं कर्ज काढून, दागिना किंवा शेळ्या विकून भागवायचं. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं ठरलं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ही मदत लहान नाही. फक्त वाळूघाटापासून दारापर्यंतचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं. घरकुल योजना घर देत नाही. घर बांधणाऱ्याच्या हाताला हात लावते. हा फरक न समजता तिची स्तुती किंवा निंदा करणारे दोन्हीकडे आहेत.

डोंगरातला हिशेब वेगळा. मीना आणि कुकडी, घोड आणि बुब्रा या नद्यांच्या उगमाकडच्या वाड्या-पाड्यांवर महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आहे. जुनी घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली, वर कौल. पावसाळा असा की दरवर्षी भिंत लिंपायची आणि छप्पर शाकारायचं. पक्क्या भिंतीचं मोल इथं कुणाला सांगावं लागत नाही. अडचण असते सामान वर नेण्याची : शेवटच्या वाडीपर्यंत टेम्पो जात नाही तिथं विटेची किंमत रस्त्यावर एक आणि दारात दुसरी. आणि अडचण असते वेळेची. बांधकाम दिवाळीपासून जूनपर्यंतच होऊ शकतं. पण भात निघालं की हेच महिने मजुरीचे असतात. द्राक्षबागांच्या, पुढं टोमॅटोच्या कामाला डोंगरातली माणसं नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उतरतात. घर बांधायचं तर मजुरी बुडते, मजुरीला जायचं तर हप्ता लांबतो. योजनेच्या कागदावर या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत आहेत, घरात त्या एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

या डोंगरानं घर म्हणजे काय याचा कठोर धडाही घेतला आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बातमी बाहेर पडली. पुनर्वसनासाठी आमडे इथं जागा निवडली गेली आणि २ एप्रिल २०१७ रोजी तिथल्या नव्या घरांच्या किल्ल्या कुटुंबांच्या हाती आल्या. ही घरं ४९१ चौरस फुटांची, घरकुलाच्या पावणेदोनपटीहून मोठी. सोबत शाळा, रस्ते, पाण्याची सोय. पण पहिल्याच पावसाळ्यात भराव खचले, रस्त्यांना तडे गेले आणि दुरुस्त्या कराव्या लागल्या. घर भक्कम असून भागत नाही, त्याच्या खालची जमीन आधी भक्कम लागते, हे माळीणनं दोनदा शिकवलं.

नारायणगावात जमिनीचा प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. तिथं ती खचत नाही, मिळत नाही. वर डोंगरात जागा आहे आणि सामान पोचत नाही. खाली सिमेंट, वीट, गवंडी, वाळू सगळं हाकेच्या अंतरावर आहे आणि बांधायला कोपरा नाही. पुणे-नाशिक महामार्गावरचं हे गाव, जुन्नर बाजार समितीचा टोमॅटोचा मोठा बाजार, तमाशाच्या राहुट्या, शाळा-महाविद्यालयं, दवाखाने. बाजारपेठेनं शहर झालं, कारभारानं ग्रामपंचायत. जमीन गुंठ्यानं विकली जाते आणि गुंठ्याचा भाव मजुराच्या ऐपतीशी बोलत नाही.

भूमिहीनासाठी राज्याची एक योजना आहे : पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळत, नंतर ते १ लाख झाले. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा ही जागा अर्ध्या गुंठ्यापेक्षाही कमी. एवढा तुकडा विकणार कोण? आणि विकला तरी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येई : प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतजमिनीची खरेदी नोंदवलीच जात नसे. पैसे देणारा विभाग एक आणि नोंद नाकारणारा दुसरा. २०२४ च्या नियमांनी ही गाठ थोडी सैल केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंत जागा घेता येऊ लागली.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्याकडे कागद असतोच असं नाही. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, भाऊ चार, वाटणी तोंडी. नमुना ८ वर एकाचंच नाव, बाकीच्यांनी संमतीपत्र द्यायचं, आणि ते देताना जुने हिशेब उकरले जायचे. यावरचा एक मोठा उपाय पुणे जिल्ह्यातूनच निघाला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढं २४ एप्रिल २०२० रोजी तो ‘स्वामित्व’ नावानं देशभर जाहीर झाला. त्यातून गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका मिळते. पण गावठाणाबाहेर, गायरानात किंवा वनहद्दीत राहणाऱ्याला ड्रोनचा उपयोग नाही. गायरानातल्यासाठी राज्यानं २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा मार्ग काढला. वनहद्दीतल्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. दोन्ही मार्ग कागदावर सरळ आहेत आणि चालायला लांब.

पक्क्या दाराची गरज या भागात आणखी एका कारणानं तातडीची आहे. जुन्नर वनविभागात ऊस वाढला तसा बिबट्याही उसातच वाढला; माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्यामुळंच देशात माहीत झालं. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात पाचटाच्या कोपीत राहणारा ऊसतोड मजूर, शेताच्या बांधावर मुक्काम करणारा मेंढपाळ, यांच्या लेकरांना बिबट्यापासून वाचवायला कडीचं दार लागतं. आणि हीच माणसं यादीत इथं नसतात. यादी माणसाला त्याच्या मूळ गावात शोधते, पोट त्याला दुसरीकडे नेतं. डोंगरातल्या मजुराचं घरकुल त्याच्या वाडीवर उभं राहतं आणि वर्षातले कित्येक महिने तो नारायणगावात भाड्याच्या खोलीत किंवा उघड्यावर काढतो.

तरीही मालकीचं घर काय करतं हे याच भागात दिसतं. घर पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या जोड नावावर लागतं. ज्या बाईचं नाव आजवर शिधापत्रिकेपलीकडे कुठं नव्हतं तिच्या नावानं घरपट्टीची पावती फाडली जाते. वीजजोडणी मिळते, पोरांच्या दाखल्याला रहिवासाचा पुरावा मिळतो. राज्याच्या महा आवास अभियानात बचत गटांच्या बायकांनी घरकुल मार्ट चालवले, योजनेतून गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. घराच्या निमित्तानं थोडा रोजगार गावातच राहतो.

आता आकडा मोठा आहे. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्रातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं देण्याचा कार्यक्रम झाला आणि १० लाख जणांना पहिला हप्ता गेला. पैशाची नळी अशी रुंद झाली. जागेची नळी मात्र गावोगाव तशीच अरुंद आहे. नारायणगावसारख्या गावाला त्यावर उपाय नाही असंही नाही. जागा कमी असेल तिथं दोन-तीन लाभार्थ्यांनी मिळून मजले चढवावेत, अनेकांचं मिळून गृहसंकुल करावं, याला महा आवास अभियानाचं उत्तेजन आहे. त्यासाठी एकच तुकडा लागतो, पण तो ग्रामपंचायतीनं आधी राखून ठेवावा लागतो : गावठाण वाढवताना, गायरानाचा निर्णय घेताना, गुंठ्याचे भाव चढण्याच्या आधी. ग्रामसभेत दरवर्षी लाभार्थ्यांची यादी वाचली जाते. तिच्या बरोबरीनं जागांची यादी वाचायला लागली, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकट्या लाभार्थ्यावर सोडावं लागणार नाही.