भिंतीच्या कडेचं ऊन

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन पाहून माणसं परततात ती बहुधा पिटुनिया-डायंथसची रोपं हातात घेऊनच. बंगल्याला किंवा सोसायटीला कंपाउंडलगत दोन-अडीच फुटांची मातीची पट्टी असते, तिच्यात ती ओळीनं लागतात. फेब्रुवारीत पट्टी अशी फुलते की शेजारी थांबून नावं विचारतात. होळीनंतर मात्र रोपं खालून पिवळी पडू लागतात आणि पाडवा उलटला की काड्या उरतात. मग बोल लागतो माळ्याला, नाहीतर खताला. ती रोपं मुळात थंडीपुरतीच होती, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

अशी भिंतीलगतची, भरपूर ऊन आणि वाऱ्याला आडोसा असलेली जागा इंग्लंडमध्ये भाग्याची मानतात. लंडनला डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. तिथे दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत म्हणजे झाडांची शेकोटीच. अंजीर आणि पीच तिला टेकवून वाढवतात. पुण्यात त्याच सुमारास सूर्य ४८ अंशांवर असतो आणि १३ मेच्या आसपास थेट डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो उत्तरेच्या अंगानं फिरतो, त्यामुळे दक्षिणमुखी भिंतीला ऐन मे-जूनमध्ये समोरून ऊन लागतच नाही. भाजून काढते ती पश्चिमेची भिंत. एप्रिलमध्ये रात्री आठला तिच्यावर हात ठेवून पाहावा, तेव्हाही ती कोमट लागते. परदेशी पुस्तकातला दिशांचा सल्ला इथे जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

अशा पश्चिमेच्या भिंतीशी बोगनवेलीइतकं इमानी झाड दुसरं नाही. तिला पाण्याचा थोडा ताण दिला की ती जास्त फुलते, आणि रोज पाइप धरणाऱ्याला नुसता पाला दाखवते. ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. फूल म्हणजे आतली पांढरट नळी. कण्हेरही तिथे मजेत राहते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, तेव्हा लहान मुलं खेळतात तिथे ती नको. पायाशी सदाफुली आणि चिनी गुलाब पुरेसे. चिनी गुलाब ऊन चढल्यावर उघडतो आणि दुपार कलली की मिटतो, म्हणून त्याला कुणी कौतुकानं ‘ऑफिस टाइम’ही म्हणतात.

दक्षिणेची पट्टी मोगऱ्याला द्यावी. थंडीत त्याला ताण देऊन, पानं उतरवून छाटणी केली आणि मग शेणखत घालून पाणी सुरू केलं, की उन्हाळ्यात कळ्या धरतात. शेवंतीही इथेच शोभते. मात्र तिच्या बाबतीत एक गंमत पाहून ठेवावी: भिंतीवर रात्रभर जळणारा दिवा आहे का? शेवंतीला कळ्या येतात त्या रात्री लांबल्यावर. दिव्याचा उजेड पडत राहिला तर तिला रात्र मोठी झाल्याचं कळत नाही आणि झाड हिरवंगार राहून फुलायचं लांबवतं. एकाच ओळीत दिव्याखालची शेवंती रुसलेली आणि चार पावलांवरची फुललेली दिसली, तर खताची पिशवी आणण्याआधी बटण बंद करावं.

झाडांपेक्षा मोठी अडचण मातीची. बांधकाम उरकताना सिमेंट, चुना, विटांचे तुकडे याच पट्टीत गाडलेले असतात. त्या अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. एक्झोराची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. फूट-दीड फूट खणून राडारोडा काढणं कष्टाचं खरं, पण त्याला पर्याय नाही. छज्ज्याखाली तर भर पावसाळ्यातही माती कोरडी राहते, हे पाहूनही पटत नाही. तिथे पाणी हातानंच घालावं लागतं.

आणि आडोसा? त्याचंही दुसरं अंग आहे. वारा खेळत नाही तिथे जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो, शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखा. मुंग्यांची रांग दिसली की तो आला असं समजावं, कारण त्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. दाटीवाटीनं लावलेल्या पट्टीत तो पुन्हापुन्हा येतो. म्हणून जास्वंद भिंतीपासून दीड फूट आणि एकमेकींपासून निदान तीन फूट लांब लावावी.

यंदा नर्सरीत जाण्याआधी एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला पट्टीत सावली कुठवर येते ते खडूनं भिंतीवर आखून ठेवा, आणि रोपं आणाल ती दोन दमदार पाऊस झाल्यावरच.