ग्रामीण महाविद्यालयांसाठी लेखन-साहाय्य केंद्र

शहापूर आणि मुरबाड तालुक्यातील शिवळे येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्या परिसरात अभ्यासविषयांची वाण नाही. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव आणि अलीकडचे भातसा धरण शहापूर तालुक्यातून मुंबईची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे पाणी, ठाकूर, वारली व कातकरी समाजांच्या बोली, वनहक्कांचे दावे यांविषयी अधिकाराने लिहू शकेल असा अभ्यासक म्हणजे तेथील प्राध्यापकच होय. परंतु तासिका, परीक्षा आणि प्रवास यांतून त्याचे लेखन बहुधा टिपणवहीपुढे जात नाही.

विद्यापीठीय लेखनास शासनाचे साहाय्य ही नवी गोष्ट नव्हे. प्रादेशिक भाषांतील ग्रंथांसाठी केंद्र शासनाने १९६८ मध्ये प्रत्येक राज्यास एक कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. नागपूरचे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ त्याच योजनेतून उभे राहिले. परंतु ग्रंथ प्रसिद्ध करणे निराळे आणि लेखकाचा कच्चा खर्डा त्याच्याजवळ बसून सुधारणे निराळे. या दुसऱ्या कामासाठी केंद्र हवे.

त्याची निकड आता वाढली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी सुरू केली व फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केली. नियतकालिकाची पारख करण्याचा भार त्यामुळे संस्था व प्राध्यापक यांच्यावर आला. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापून देणारे पुष्कळ आहेत. पदोन्नतीची घाई असलेला एकाकी लेखक त्यांच्या हाती सहज सापडतो.

केंद्रासाठी इमारत नको. एक खोली, तासिकांत सवलत मिळालेला एक समन्वयक, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि आठवड्यातील ठरलेले दोन तास एवढ्यावर प्रारंभ होऊ शकेल. प्रत्येक खर्डा दोघांनी वाचावा: एक त्या विषयाचा जाणकार, दुसरा विषयाबाहेरचा. दुसऱ्याला जे कळले नाही ते बहुधा लेखकालाही पुरते उमगलेले नसते! वाचकाने शंका विचाराव्यात, लेख स्वतः लिहून देऊ नये. येथील अभिप्राय गोपनीय अहवालात जाता कामा नये, अन्यथा अपुरा खर्डा कोणीही दाखविणार नाही. बैठका शहापूर व शिवळे येथे आलटून पालटून व्हाव्यात, मुरबाडकरांना एस. टी. ने कल्याण आणि तेथून लोकलने मुंबई गाठायला लावणारे केंद्र त्यांच्या उपयोगाचे नाही.

ग्रामपंचायतींनी टंचाईच्या नोंदी व ग्रामसभांचे ठराव अभ्यासकांना पाहू द्यावेत. ज्या पाड्यावर माहिती घेतली, तेथील लोकांची संमती आधी घ्यावी आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याची मराठी प्रत पंचायतीच्या कार्यालयात ठेवावी.