लिनक्सची वाट (लेखांक ११) : नावापुढचा आकडा

प्रयोगशाळेत एखादा जुना पण कामाचा प्रोग्रॅम असतोच. सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी कंपाइल करून ठेवलेला, सोर्स कोड हरवलेला, पेनड्राइव्हवरून एका बॅचकडून दुसरीकडे चालत आलेला. उबुंटू २२.०४ घातलेल्या नव्या लॅपटॉपवर तो चालवायला जावं, तर एकच ओळ उमटते. तिचा अर्थ असा, की ‘लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ३’ ही फाइल उघडता आली नाही, अशी फाइलच नाही.

इथे बहुतेकजण ओळ नीट न वाचता तोच प्रोग्रॅम पुन्हा कॉपी करतात. मग पुन्हा तीच ओळ. खरं तर दुखणं कुठे आहे ते त्या ओळीतच लिहिलेलं असतं.

गावाकडे लग्नकार्याची मोठी पातेली घरोघरी नसतात. ती देवळात सामाईक ठेवलेली असतात आणि ज्याच्या घरी कार्य, तो घेऊन जातो. ‘एसओ’ म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट, अशीच सामाईक भांडी. फोर्ट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आकडे वाचण्या-छापण्याची सगळी यंत्रणा स्वतःच्या पोटात घेऊन फिरत नाही, लिबजीफोर्ट्रानकडून उसनी घेतो. आयबीएमने १९५७ साली आणलेली ही भाषा आता कोण वापरतं, असं वाटेल. पण मॅट्रिक्सची गणितं सोडवणारी लॅपॅक ही लायब्ररी मुळात फोर्ट्रानचीच, आणि आर किंवा सायपाय वापरणाऱ्याची गाठ कधी ना कधी तिच्याशी पडतेच.

आता तो ३. हा आकडा लायब्ररी कितवी आहे हे नुसतं सांगत नाही, आतली मापं तीच आहेत याची हमी देतो. मापं बदलली की आकडा बदलायचा, असा रिवाज आहे. जीसीसी या कंपायलरच्या ६ व्या आवृत्तीपर्यंत ही लायब्ररी ३ होती. २०१७ च्या जीसीसी ७ ने ती ४ केली आणि २०१८ च्या जीसीसी ८ ने ५. उबुंटू १८.०४ मध्ये ३ चं पॅकेज मिळत होतं, २०.०४ मधून ते गेलं. म्हणजे तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही. जुनं झाकण नव्या पातेल्यावर बसत नाही, इतकंच.

मग कुणीतरी हळूच सुचवतं : ५ ची फाइल आहे ना, तिला ३ नावाची लिंक करून टाक! लिबजीफोर्ट्रान निदान प्रामाणिक आहे, ‘जीफोर्ट्रान १.४ ही आवृत्ती सापडत नाही’ असं सांगून ती तिथेच अडते. सगळ्या लायब्रऱ्या अशी तपासणी करत नाहीत. मी एकदा जीएसएल या गणिती लायब्ररीच्या बाबतीत हीच हुशारी केली. प्रोग्रॅम बिनबोभाट चालला, आलेखही आले. पण त्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा कसा, या विचाराने दोन रात्री झोप नाही, आणि शेवटी सगळं नव्याने कंपाइल करून पुन्हा चालवावंच लागलं. लिंकचा हा उद्योग करू नका.

सोर्स हाताशी असेल तर नव्या कंपायलरने पुन्हा बांधणं हा सरळ उपाय. नसेल तर कंटेनर चालवणाऱ्या अ‍ॅपटेनरमध्ये उबुंटू १८.०४ चा कंटेनर करून त्यात ३ चं पॅकेज घाला आणि म्हातारा प्रोग्रॅम तिथे सुखाने नांदू द्या.

कधी फाइल असते, पण प्रोग्रॅमसाठी लायब्रऱ्या शोधून आणणारा लोडर तिथे बघतच नाही. एखादी लायब्ररी तुम्ही स्वतः ‘मेक इन्स्टॉल’ केलीत, ती ‘यूएसआर-लोकल-लिब’मध्ये डोळ्यांनी दिसते, तरी ‘सापडत नाही’ हाच घोष. कारण लोडर दरवेळी फोल्डर चाळत बसत नाही, आधीच करून ठेवलेली यादी बघतो. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवलं की यादी ताजी होते. उबुंटूवर एवढं पुरतं. फेडोरावर ते फोल्डर आधी ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’मध्ये नोंदवावं लागतं. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या सामाईक यंत्रावर तुमच्या हाती सुडो नसतो, तिथे आधी ‘मॉड्यूल अव्हेल’ देऊन काय तयार आहे ते बघावं. ‘एलडी लायब्ररी पाथ’ हा व्हेरिएबल एका कामापुरता ठीक, पण बॅशआरसीमध्ये कायमचा लिहून ठेवलात तर उद्या भलताच प्रोग्रॅम भलतीच लायब्ररी उचलेल.

आरमध्ये ‘एसएफ’ पॅकेज बांधताना ‘यूडीयुनिट्स२ डॉट एच नाही’ अशी तक्रार आली, तर तो मात्र वेगळा आजार. डॉट एच म्हणजे हेडर, ते फक्त बांधताना लागतं आणि वेगळ्या पॅकेजात येतं. उबुंटूवर त्याच्या नावाला ‘डेव्ह’ शेपूट असतं, फेडोरावर ‘डेव्हेल’. कोणतं पॅकेज हे आठवत नसेल, तर ‘एपीटी-फाइल सर्च’ला फाइलचं नाव द्या.

पुढच्या आठवड्यात कोंडा आणि त्याच्या वेगळ्या संसाराकडे वळू. तोवर तुमच्या नेहमीच्या एखाद्या प्रोग्रॅमवर ‘एलडीडी’ चालवून त्याची उसनवारीची यादी वाचून काढा. फक्त अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर ते चालवू नका : एलडीडी कधी कधी ती फाइल खरोखरच चालवतो. तिथे ‘ऑब्जडम्प’ वापरा.