चकाकत्या छतास मंद रंग देण्यापूर्वीं

भिंतीकडे आपण रोज पाहतों. छताकडे मात्र तापानें अंथरुणास खिळल्यावांचून सहसा कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांतील एका वर्गखोलीचें छत चकचकीत तैलरंगानें रंगविलेलें होतें. उजेड त्यावर फार चकाके, म्हणून त्यास मंद कांतीचा, म्हणजे दुकानदार ज्यास ‘मॅट’ म्हणतात तो, रंग देण्याचें ठरलें. दोन दिवसांत काम आटोपलें व सर्वांस समाधान वाटलें. पण पुढील पावसाळ्यांत तो नवा रंग पापडासारखा सुटून मुलांच्या वह्यांवर पडूं लागला. रंग वाईट नव्हता. पूर्वतयारी मुळींच झाली नव्हती.

असें कां व्हावें? रंगांत मुख्यतः दोन द्रव्यें असतात: एक रंगाची बारीक भुकटी व दुसरें तिला धरून ठेवणारें चिकट द्रव्य. चकचकीत रंगांत चिकट द्रव्य विपुल असल्यानें भुकटीचे कण त्यांत बुडून जातात व पृष्ठभाग कांचेसारखा गुळगुळीत होतो. मंद रंगांत भुकटीचें प्रमाण अधिक असतें. तिचे कण वर डोकावतात आणि प्रकाश एकाच दिशेस न परततां सर्वत्र विखुरतो. म्हणून चकचकीत छतावर प्रत्येक उंचवटा उठून दिसतो व मंद छतावर तो झांकला जातो. परंतु गुळगुळीत पृष्ठभागास नवा रंग धरणार कसा? तेलकट पाटीवर पेन्सिल उमटत नाहीं, तोच न्याय येथें लागू पडतो. चुन्याची सफेदी तर अशा छतावर टिकतच नाहीं. तिला सच्छिद्र पृष्ठभाग लागतो.

आतां कृति पाहूं. हें काम पावसाळा संपून घर पूर्ण सुकल्यावर करावें. छत गळत असल्यास आधीं गळती बंद करावी. ओल्या छतावर कोणताच रंग टिकत नाहीं. पंख्याची व दिव्याची वीज मुख्य बटणापासून बंद करावी. नंतर कोमट पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवून त्यानें छत पुसावें. स्वयंपाकघरांत धुराचा व फोडणीच्या तेलाचा थर असतो. तो न काढतां घांसल्यास तेलच सर्वत्र पसरतें. मग स्वच्छ पाण्यानें दोनदां पुसून छत सुकूं द्यावें.

यानंतर घांसणें. सुटलेले पापुद्रे पत्र्यानें खरवडावे आणि पाण्यांत चालणाऱ्या पॉलिश कागदानें सर्व छत ओलें ठेवून घांसावें. रंग समूळ काढावयाचा नाहीं. चकाकी गेली म्हणजे पुरे.

येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. जुन्या तैलरंगांत सफेदा, म्हणजे शिशाचें संयुग, पुष्कळदां असे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. १९२१ सालीं जिनिव्हा येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें सफेद्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला. भारतांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. त्यापूर्वींचा रंग कोरडा कधींही घांसूं नये. मुलांस त्या खोलींत येऊं देऊं नये. नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखवटा बांधावा आणि खालची धूळ केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें टिपावी.

आपल्या पांढरकवड्याकडील काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. त्यामुळें घरांना भेगा पडतात. भेगेचें तोंड किंचित् रुंद करून, धूळ काढून, लांबी भरावी व सुकल्यावर घांसून समपातळी करावी. गळतीचे पिवळे डाग असतील तेथें तैल अस्तराचा हात द्यावा. नाहींतर पाण्यांत कालविलेल्या रंगांतून ते पुन्हां वर येतात. जुन्या घरांच्या सागवानी तक्तपोशीवर लांकूड उघडें पडलें असल्यास तेथेंही अस्तर आवश्यक आहे, कारण सागांत अंगचें तेल असतें.

शेवटीं परीक्षा. हातभर जागेवर अस्तर व रंग लावून चार दिवस सुकूं द्यावा. त्यावर चाकूनें फुलीसारखे छेद देऊन चिकटपट्टी दाबावी व झटक्यानें ओढावी. पट्टीबरोबर रंग निघाला, तर घांसण्यांत उणीव राहिली असें समजावें. न निघाल्यास सर्व छतास अस्तराचा एक व मंद रंगाचे दोन हात द्यावे.

रंग देण्यास एक दिवस लागतो, तयारीस तीन. घरीं दिवाळीची रंगरंगोटी निघेल तेव्हां रंगाऱ्यास ‘रंग कोणता?’ हें विचारण्यापूर्वीं ‘घांसणार कसें?’ हें विचारावें.