बारावीचं मानसशास्त्र ‘सोपं’ वाटतं, मग पेपरात का अडतं? उत्तर याच विषयात आहे

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, बारावीची पुस्तकं घ्यायला आलेल्या आर्ट्सच्या मुलांच्या पिशवीत आधी इंग्रजीचं गाईड जातं. मग अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र. मानसशास्त्र बहुतेकदा सगळ्यात शेवटी. त्याची काळजी कोणाला नसते. ‘ते होऊन जाते नं!’ असं म्हणून विषय संपतो.

तसं वाटण्याला कारणंही आहेत. या विषयात गणितं जवळपास नाहीत, नकाशे नाहीत, लढायांच्या तारखा नाहीत. बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, ताण हे सगळे शब्द आपण रोज ऐकतो. धडा वाचला की कळतो. दुसऱ्यांदा वाचला की पाठ असल्यासारखा वाटतो.

आणि पेपरात ‘अभिक्षमता आणि अभिरुची यांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पेन थांबतं. पान डोळ्यांसमोर दिसतं, कुठल्या ओळीवर पिवळं हायलायटर मारलं होतं तेही आठवतं, पण ओळ आठवत नाही.

असं का होतं? गंमत अशी की याचं उत्तर मानसशास्त्रानेच शोधून ठेवलंय.

आधी पेपर समजून घेऊ

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीत मानसशास्त्राचे एकूण १०० गुण असतात. त्यातले ८० लेखी परीक्षेचे, तर २० अंतर्गत मूल्यमापनाचे. लेखी पेपरला ३ तास मिळतात. २०२३ पासून मंडळाने शेवटी १० मिनिटं वाढवून दिली आहेत.

पेपरात योग्य पर्याय निवडा, जोड्या लावा, चूक की बरोबर असे छोटे प्रश्न असतात. त्यानंतर फरक सांगा, संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करा, टिपा लिहा आणि दीर्घोत्तरी प्रश्न. शिवाय एखादा प्रसंग देऊन त्यावर विचारलेले प्रश्न.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. छोटे प्रश्न सोडले तर बाकी कुठेच उत्तर समोर छापलेलं नसतं. ते डोक्यातून बाहेर काढावं लागतं. आणि आपण वर्षभर सराव करतो तो आत घालण्याचा.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी

मानसशास्त्रात स्मृतीचा अभ्यास करताना ‘प्रत्यभिज्ञा’ आणि ‘प्रत्यावाहन’ असा फरक करतात. समोर आलेली गोष्ट आधी पाहिली आहे हे ओळखणं म्हणजे प्रत्यभिज्ञा. काहीही समोर नसताना ती आठवून काढणं म्हणजे प्रत्यावाहन.

व्हरायटी चौकात एखादा चेहरा दिसतो. ‘याला कुठेतरी पाहिलंय’ हे क्षणात कळतं, पण नाव काही केल्या आठवत नाही. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना नेमकं हेच होतं. ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपण समजतो की धडा झाला.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं.

५ मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात मुलांना विचारलं, की आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असं वाटतं? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास सगळ्यांत जास्त होता. प्रत्यक्षात सगळ्यांत कमी आठवलं त्यांनाच.

‘आदल्या रात्री सगळं येत होतं, पेपरात ब्लँक झालो’ याचं एक कारण इथे आहे. दर वेळी दोष मेंदूचा किंवा नशिबाचा नसतो. आदल्या रात्री सराव चुकीच्या गोष्टीचा झालेला असतो.

मग हायलायटरचं काय?

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धती तपासल्या. त्या प्रत्येकीबद्दल झालेलं संशोधन त्यांनी एकत्र करून पाहिलं. अधोरेखन आणि पुनर्वाचन या मुलांच्या सगळ्यात आवडत्या पद्धती ‘कमी उपयोगी’ गटात गेल्या. ‘जास्त उपयोगी’ गटात फक्त दोन राहिल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं.

म्हणून हायलायटर फेकून द्यायची गरज नाही. पण रंगवलेली ओळ म्हणजे अभ्यासाची सुरुवात, शेवट नाही. त्या ओळीचा प्रश्न करून वहीच्या मागच्या पानावर लिहिला, तर पुढच्या आठवड्यात तो उपयोगी पडेल.

विसरण्याचाही एक वेग असतो

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहॉस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं जोडून त्यांनी याद्या बनवल्या, त्या पाठ केल्या, आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजलं. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

२० मिनिटांनी यादी पुन्हा पाठ करताना सुमारे ५८ टक्के मेहनत वाचली. एका दिवसाने सुमारे ३४ टक्के. एका महिन्याने सुमारे २१ टक्के. म्हणजे घसरण सगळ्यात जास्त पहिल्या दिवशी होते, नंतर तिचा वेग मंदावतो. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या झपाट्याने जात नाही. पण घसरणीचा आकार तसाच राहतो.

यावर उपाय म्हणजे थोडं विसरू द्यायचं आणि मग आठवायचं. किती दिवसांनी? २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून जास्त लोकांवर हे तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल, तर दोन उजळण्यांमध्ये त्या काळाच्या २० ते ४० टक्के अंतर फायद्याचं ठरलं. म्हणजे साधारण दीड ते तीन दिवस. परीक्षा वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे साधारण तीन ते पाच आठवडे.

बारावीच्या मुलासाठी याचा साधा अर्थ असा: आज वाचलेला धडा परवा पुस्तक न उघडता आठवून लिहायचा. मग पुढच्या आठवड्यात. मग तीन आठवड्यांनी. एका बैठकीत सलग चार तास देण्यापेक्षा हेच चार तास असे वाटले, तर जास्त टिकतं.

झोपेचं गणितही यातच येतं. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाठांतरानंतर तेवढाच वेळ जागं राहण्यापेक्षा झोपल्यावर त्यांना जास्त आठवलं. प्रयोग छोटा होता, पण झोप आणि स्मृतीचं नातं नंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे. पेपरच्या आदल्या रात्री जागून वाचलेल्या शेवटच्या दोन धड्यांची किंमत आधीच्या सहा धड्यांनी मोजावी लागू शकते.

शास्त्रज्ञांची नावं बर्डीच्या रस्त्यावर ठेवा

या विषयात नावं आणि सनं मात्र पाठ करावी लागतात. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. ओळखीच्या रस्त्यावरच्या एकेका ठिकाणी एकेक गोष्ट ‘ठेवायची’ आणि नंतर मनातल्या मनात त्या रस्त्याने चालत जायचं. चित्र जितकं विचित्र, तितकं बरं.

बुद्धिमत्तेच्या मोजमापाचा इतिहास घेऊ.

झिरो माइल: इथल्या घोड्यावर फ्रान्सचे आल्फ्रेड बिने टेप घेऊन बसलेत. मोजणीची सुरुवात शून्यापासून. बिने आणि सिमॉन यांची पहिली बुद्धिमत्ता चाचणी, १९०५.

व्हरायटी चौक: गर्दीत उभं राहून विल्यम स्टर्न भागाकार करतायत. मानसिक वय भागिले शारीरिक वय. बुद्धिगुणांकाची कल्पना, १९१२.

मुंजे चौक: मेट्रोच्या जिन्यावर लुईस टर्मन १०० प्रवासी मोजतायत. भागाकाराला १०० ने गुणणारी स्टॅनफर्ड-बिने चाचणी, १९१६.

झाशी राणी चौक: घोड्यावरच्या राणीशेजारी डेव्हिड वेक्सलर. राणी प्रौढ, आणि वेक्सलर यांची १९३९ ची चाचणीही प्रौढांसाठीच.

आता हे न बघता एकदा मनात फिरून या. १० वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १२ असेल तर बुद्धिगुणांक किती? टर्मन यांच्या जिन्यापाशी सूत्र मिळेल: १२ भागिले १०, गुणिले १००. उत्तर १२०.

जाता जाता आणखी एक नाव. बिने यांच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात केलं होतं.

‘अभि’ने सुरू होणारे तीन शब्द

मराठी माध्यमातल्या मुलांना आणखी एक अडचण येते. व्हिडिओ इंग्रजीत किंवा हिंदीत पाहिलेले, पेपर मराठीत. त्यात परिभाषेतले शब्द एकमेकांसारखे. अभिरुची, अभिक्षमता, अभिवृत्ती. तिन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या पाठ केल्या की हमखास गोंधळ होतो. एकाच उदाहरणात बसवल्या की सुटतो.

एका मुलीला तबला ऐकायला, वाजवायला आवडतं. ही अभिरुची. शिकवलं तर ती इतरांपेक्षा लवकर ताल पकडू शकते. ही अभिक्षमता. ‘संगीताने पोट भरत नाही’ असं तिच्या घरच्यांचं ठाम मत आहे आणि म्हणून ते क्लासला नाही म्हणतात. ही अभिवृत्ती.

‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर इथे तयार आहे. आवड असली म्हणजे क्षमता असेलच असं नाही, आणि क्षमता असली म्हणजे आवड असेलच असंही नाही. असं स्वतः रचलेलं उदाहरण गाईडमधल्या उदाहरणापेक्षा जास्त लक्षात राहतं.

प्रसंगावरच्या प्रश्नातही हीच सवय कामी येते. उत्तराला तीन पायऱ्या ठेवाव्यात: संकल्पनेचं नाव, तिची एका ओळीत व्याख्या, आणि प्रसंगातलं कोणतं वाक्य ती सिद्ध करतं. तिसरी पायरी बरेच जण गाळतात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एका गुणाला २ मिनिटं धरली तर ८० गुणांना १६० मिनिटं लागतात. तीन तासांतली २० उरतात, वरची १० धरून ३०. घरी एक तरी जुना पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवला असेल, तर हा हिशेब हाताला कळतो.

एक धडा जरा जपून

मानसिक विकारांचा भाग वाचताना अनेकांना त्यातली लक्षणं स्वतःत दिसू लागतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये हा प्रकार फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्या आजाराचा धडा, तोच आपल्याला झालाय असं वाटणं. त्यात रील्सची भर. घराचं कुलूप दोनदा तपासलं की लगेच ‘मला ओसीडी आहे’.

ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, हा स्वभाव नाही, विकार आहे. त्यात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो, कृती थांबवता येत नाही, दिवसाचा मोठा वेळ त्यात जातो आणि रोजचं जगणं अडतं. तीव्रता, कालावधी आणि दैनंदिन कामावर होणारा परिणाम, या तीन कसोट्या पेपरातल्या उत्तरात लिहाव्यात. स्वतःबद्दल मत बनवण्याआधीही लावाव्यात. निदान मात्र तज्ज्ञांनीच करायचं असतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. झोप उडाली आहे, खाणं सुटलंय, जगणं नकोसं वाटतंय, असं खरोखर होत असेल तर ‘धडा वाचून असं वाटतंय’ म्हणून ते झटकू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. परीक्षेच्या काळात राज्य मंडळ दरवर्षी विभागवार समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. नागपूरमध्ये प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाणं म्हणजे ‘वेडं होणं’ नव्हे, हे मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलाने घरच्यांना सांगितलं, तर त्या धड्याचा परीक्षेपलीकडेही उपयोग झाला.

आजपासून काय करायचं?

एक धडा निवडा. एकदा शांतपणे वाचा. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहा. मग पुस्तक उघडून, जे सुटलं ते वेगळ्या रंगाच्या पेनने भरा. परवा हेच पुन्हा करा आणि दोन कागद शेजारी ठेवून बघा.

पहिल्या दिवशी कागद बराचसा त्या दुसऱ्या रंगाचाच दिसेल. आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल, आणि पुन्हा वाचत बसण्याचा मोह होईल. तो आवरा. काय येत नाही हे पेपरच्या तीन तासांत कळण्यापेक्षा आज घरी कळलेलं बरं.