घाटउताराचे गणित : ब्रेक ‘निकामी’ होतात म्हणजे नेमके काय?

‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला,’ हे वाक्य घाटातील अपघाताच्या बातमीत इतक्या वेळा छापले जाते, की वाचणाराही त्यावरून नजर सरकवून पुढे जातो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला ते नवे नाही. पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट, छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणारा इमामपूर घाट आणि पुणे-नाशिक मार्गावर संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट हे सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील घाटांपुढे लहानच; पण भरलेल्या ट्रकला तेवढा उतारही पुरतो. अशा वेळी अनेकदा ब्रेकचा कोणताही भाग तुटलेला नसतो. निकामी झालेले असते ते घर्षण. ते कसे, हे समजण्यासाठी अकरावीच्या भौतिकशास्त्रातील ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पुरेसा आहे.

समजा, मालासह २५ टन वजनाचा ट्रक तीन किलोमीटरचा घाट उतरत आहे आणि उतार दर वीस मीटरला एक मीटर, म्हणजे एकूण १५० मीटर उंचीचा आहे. बलांच्या मार्गाने हे उदाहरण सोडवायचे तर प्रत्येक वळणावरचा चढउतार ठाऊक हवा. ऊर्जेच्या मार्गाने फक्त माथा आणि पायथा पाहावा लागतो. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की माथ्यावरची स्थितिज ऊर्जा मिळते : २५,००० गुणिले ९.८ गुणिले १५०, म्हणजे सुमारे ३ कोटी ६७ लाख ज्यूल. घरच्या वीजबिलाच्या भाषेत ही दहा युनिट होतात. एवढ्या उष्णतेत साधारण ११५ लिटर पाणी उकळीला येईल.

ही ऊर्जा नाहीशी होऊ शकत नाही. तिला कुठेतरी जावेच लागते. कुणीच ती घेतली नाही, तर सगळी गतीत उतरेल आणि पायथ्याशी ट्रकचा वेग ताशी १९५ किलोमीटर होईल. या उत्तरात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. त्यामुळे रिकामा ट्रक असो वा भरलेला, वेगाचे उत्तर तेच येते. विद्यार्थ्यांना हे सहसा पटत नाही. भाराचा फरक पडतो तो उष्णतेत, कारण भरलेल्या ट्रकच्या ब्रेकला तितकीच जास्त ऊर्जा पचवावी लागते.

टायर आणि हवेचा विरोध तिचा काही वाटा उचलतो. उरलेली ऊर्जा चालकाने फक्त ब्रेकवर सोपवली, तर ती ड्रम आणि लायनर यांच्या घर्षणातून उष्णता बनते. ताशी ४० किलोमीटर वेगातून हा ट्रक एकदा थांबवताना ब्रेकला सुमारे १५ लाख ज्यूल शोषावे लागतात. संपूर्ण घाट म्हणजे असे जवळपास चोवीस थांबे, तेही मध्ये उसंत न देता. तीन आसांवरील सहा ड्रमचे लोखंड मिळून ३०० किलो धरले आणि उष्णता बाहेर पडलीच नाही असे मानले, तर त्यांचे तापमान सुमारे २४५ अंशांनी वाढेल. घासला जाणारा पृष्ठभाग याहूनही तापतो. लायनरमधील राळ तापली की त्याची पकड कमी होते. शिवाय तापलेला ड्रम फुगून ब्रेकशूपासून दूर जातो. चालक पाय दाबत राहतो, शूही पुढे सरकतो, पण घर्षण मात्र हातातून निसटलेले असते. गाडी थंड झाल्यावर तपासली तर हेच ब्रेक धडधाकट निघू शकतात!

येथे वेगाचा प्रश्न येतो. ताशी ४० ने उतरा किंवा २० ने, सोडायची एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच. पण ४० च्या वेगाने ती साडेचार मिनिटांत, म्हणजे १३६ किलोवॉट दराने सोडावी लागते. २० च्या वेगाने नऊ मिनिटे मिळतात आणि दर निम्मा होतो. ड्रमला निवायला उसंत मिळते. अवजड वाहनांच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३ नियमावलीत याच कारणाने उताराची वेगळी चाचणी आहे : पूर्ण भार, सहा टक्के उतार, सहा किलोमीटर अंतर, ताशी सरासरी ३० किलोमीटर. म्हणजे ३६० मीटर उंचीची ऊर्जा. वाहनांना मान्यता देण्यापूर्वी तपासणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची ‘व्हीआरडीई’, अहिल्यानगरलाच आहे.

ब्रेकवरचा भार वाटून घेणारा दुसरा भागीदार म्हणजे इंजिन. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिन फिरवतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा तेथे खर्ची पडतो. गिअर न्यूट्रल केला, की हा भागीदार निघून जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुण्यातील नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे प्राथमिक तपासात पुढे आले होते. यामागची डिझेल-बचतीची समजूत आता तर कालबाह्यच म्हणावी लागेल. इलेक्ट्रॉनिक इंधननियंत्रण असलेले इंजिन गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना डिझेल घेणे थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र स्वतः चालू राहण्यासाठी ते डिझेल जाळतच असते. इंजिन बंद केले तर हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसरही थांबतो.

हवेच्या ब्रेकमध्ये एक स्प्रिंग दडलेली असते. टाकीतील हवेचा दाब तिला दाबून धरतो. दाब घसरला की ती मोकळी होऊन ब्रेक लावते. कल्पना चोख आहे. पण स्प्रिंगचे बल तिच्या दाबलेल्या लांबीच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती जितकी पसरेल तितके तिचे बल घटते. ड्रम फुगून दूर गेला असेल, तर ती नेमकी गरजेच्या वेळी दुबळी पडते. शिवाय स्प्रिंग फक्त दाबते. ऊर्जा पचवण्याचे काम पुन्हा तापलेल्या लायनरकडेच येते.

मग सुटलेला ट्रक अडवायला रस्त्याकडेलाच भक्कम स्प्रिंग का लावू नये? ताशी ८० किलोमीटर वेगाच्या याच ट्रकची गतिज ऊर्जा सुमारे ६२ लाख ज्यूल आहे. पाच मीटर दबून त्याला थांबवणाऱ्या स्प्रिंगचे शेवटचे बल ट्रकच्या वजनाच्या दहापट होईल. माल केबिनवर येईल आणि साठलेली ऊर्जा ट्रकला मागे, घाटातल्या रहदारीकडे, भिरकावून देईल. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. घर्षण ती परत करत नाही. म्हणूनच जगभर घाटांत सुटलेल्या वाहनांसाठी खडीचा मार्ग करतात. चाके सैल, गोल खडीत रुतली की विरोध वजनाच्या पावपट होतो आणि सपाट जमिनीवरही हा ट्रक शंभर मीटरमध्ये थांबतो. खडीचा मार्ग दहा टक्के चढाचा असेल, तर सत्तर-बहात्तर मीटर पुरतात.

गाळप हंगामातील उसाच्या जोड ट्रॉल्यांचे गणित याहून अवघड आहे. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. दोन्ही ट्रॉल्यांची सगळी ऊर्जा एकट्या ट्रॅक्टरच्या चाकांवर येते, आणि ती चाके घसरली की मागचा ऊस पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागतो.